'चांगला' शेऱ्याचा फास

बढतीची यादी लागते आणि आपल्या माणसाचे नाव गळते. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते, 'शेरा कमी पडला'. कोणता शेरा? कोणी लिहिला? तोंडावर गोड बोलणारे साहेब गोपनीय अहवालात काय लिहितात, हे कर्मचाऱ्याला कळतच नाही.

सीमा सडक खात्यातील अभियंता देव दत्त यांचे असेच झाले. बढतीसाठी पाच वर्षे 'अतिशय चांगला' शेरा हवा होता. १९९३-९४ साली त्यांना नुसता 'चांगला' मिळाला आणि तो कळवलाही नाही. कनिष्ठ पुढे गेले. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल नाही, मग कळवायचा कशाला, असा सरकारचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तो फेटाळला. शेरा कोणताही असो, तो कळवलाच पाहिजे आणि म्हणणे मांडू दिलेच पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सुखदेव सिंग खटल्यात हेच कायम केले. पण न्याय मिळेपर्यंत देव दत्त निवृत्त झाले होते!

१९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने कलम १६(४अ) आले, अनुसूचित जाती-जमातींना बढतीत आरक्षणाचे दार उघडले. परंतु शेऱ्याची कडी आतून लावता येते, हे विसरू नका.

म्हणून बांधवांनो, दरवर्षी अहवालाची प्रत लेखी मागा, अर्जाची पोच घ्या, शेरा अन्यायाचा वाटला तर मुदतीत हरकत नोंदवा. यादी लागल्यावर रडण्यापेक्षा यादीआधीचा एक कागद मोलाचा ठरतो.