गोठ्यातली मोटार

आमच्या गोठ्यात दोन म्हशी, एक रेडकू आणि एक मारुती ८०० अशी चौघं राहायची. त्यातल्या तिघांना रोज वैरणपाणी मिळायचं. चौथीकडे कोणी बघत नव्हतं. तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या आणि बॉनेटखाली उंदरांचा संसार होता.

ही गाडी आमच्या तात्यांची. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी ती १९९१ साली घेतली. माझा जन्मही त्याच वर्षीचा, त्यामुळे घरात आम्हा दोघांची कायम तुलना व्हायची. "गाडी तरी सांगितलेलं ऐकते," असं आई म्हणायची! पुढे काचबिंदूनं तात्यांची नजर गेली. २०१६ साली गाडीच्या नोंदणीची मुदत संपली, तेव्हा ती पुढे वाढवायला कोणी गेलं नाही. गाडी गोठ्यात लागली ती लागलीच. त्यात २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी गोठ्यात शिरलं आणि चाकं गाळात रुतली.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत भंगारवाला आला. त्यानं अठरा हजार सांगितले. मी बरं म्हणणार, तेवढ्यात तात्या काठी टेकत गोठ्यात आले. गाडीच्या मडगार्डवरून हात फिरवत म्हणाले, "इकायची तर इक बाबा. पण तू रोज सतरा किलोमीटर एष्टीची वाट बघत शाळेला जातोस, आणि गाडी हितं म्हशीशेजारी कुजतीया. एवढंच म्हणायचं होतं."

भंगारवाला चहा पिऊन परत गेला.

आता मी तुम्हाला थोडं जपानला नेतो, कारण ही गाडी वाढली इथे, पण तिचं माहेर तिकडे आहे. जपानात हामामात्सु नावाचं शहर आहे. तिथे मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली कापड विणायचे माग बनवण्याचा कारखाना काढला. होय, माग! आमच्या इचलकरंजीत खडखडतात त्या मागांचेच भाऊबंद. त्याच कंपनीनं पुढे १९५५ साली सुझुलाइट ही आपली पहिली छोटी मोटार बनवली. जपानात छोट्या मोटारींचा एक वेगळा वर्गच आहे. त्यांना 'केई' गाड्या म्हणतात. लांबी, रुंदी आणि इंजिन किती मोठं चालेल ते सरकारनं ठरवून दिलेलं असतं. खासगी केई गाडीची नंबरपाटी पिवळी असते. १९७६ पासून १९९० पर्यंत या गाड्यांच्या इंजिनाला ५५० सीसीची मर्यादा होती. १९७९ साली सुझुकीनं त्याच मापात 'आल्टो' काढली. किंमत होती ४ लाख ७० हजार येन. ती धडाधड खपली.

आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली, ती गाडी याच कुळातली. फक्त आपल्याकडे तिला ७९६ सीसीचं इंजिन मिळालं. तात्यांची गाडी १९८६ साली आलेल्या थोड्या लांब आवृत्तीतली, म्हणजे त्या घराण्यातली पुढची पिढी. हरपाल सिंगांची गाडी त्यांच्यानंतर कंपनीनं पुन्हा नव्यासारखी केली आणि आपल्या कार्यालयात मांडून ठेवली. छान केलं. पण ती आहे बघायची गाडी. मला हवी होती रोज शाळेला न्यायची, पावसात भिजायची, खड्ड्यात आपटायची. या दोन कामांत फार फरक आहे.

बहुतेक लोक जुनी गाडी काढली की आधी रंगाच्या मागे लागतात. मीही लागलो असतो. पण आमच्या गावचे मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, नवरदेवाला शेरवानी नंतर. आधी त्याला उभं राहता येतं का बघू."

त्यांनी पहिल्याच दिवशी मला दम दिला, "चावी फिरवायची न्हाई." आठ वर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात गंज धरतो. एकदम स्टार्टर मारला तर रिंगा तुटतात. म्हणून तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पाना लावून हातानं इंजिन फिरवलं. आधी जागचं हलेना. मग एक बारीक 'कट्' झालं आणि फिरलं! गोठ्याच्या दारात बसलेले तात्या म्हणाले, "सुटलं." आम्ही सांगायच्या आधी!

पण फिरलं म्हणजे बरं झालं असं नव्हे. एका सिलिंडरात दाब धरत नव्हता. इंजिन खोललं तर आत चरे पडलेले. मग ब्लॉक कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला नेला. तुम्ही कधी गेलात तर जरूर बघा. तिथे गल्लोगल्ली लेथ आणि बोअरिंगची यंत्रं आहेत. सिलिंडर आतून कोरून अर्ध्या मिलिमीटरनं मोठा केला आणि त्या मापाचे पिस्टन घातले. पिस्टन मिळणार का, ही मला धास्ती होती. पण याच घराण्याचं इंजिन ओम्नीलाही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. दुकानदारानं एका मिनिटात खोकं समोर ठेवलं. जुनी गाडी घेताना ती दिसते कशी यापेक्षा तिचे सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारावं, असं माझं मत झालं आहे.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी इथे एक गणित. मूळ सिलिंडरचा व्यास ६.८५ सेंटिमीटर. पिस्टन ७.२ सेंटिमीटर वर-खाली होतो. सिलिंडर तीन. वृत्तचितीचं घनफळ काढा आणि तिनानं गुणा. उत्तर ७९६ घनसेंटिमीटर येतं का पाहा. सीसी म्हणजे हेच! आता व्यास ६.९ धरून पुन्हा करा. आमची मारुती ८०० खरोखरच ८०० च्या पुढे गेली की नाही?

पेट्रोलची गोष्ट निराळीच. टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशासारखं चिकट झालं होतं, वासही तसाच. टाकी उतरवून तिच्यात नट-बोल्ट आणि साखळी टाकून खळाखळा हलवली, तेव्हा तांबडं पाणी निघालं. कार्बुरेटरची भोकं सुईपेक्षा बारीक, तीही तुंबलेली. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९९१ सालचं रबर त्याच्यासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, चिरा पडतात. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या, वॉशर, पंपाचा पडदा, सगळं इथेनॉल सोसणारं घातलं. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, ते नवं केलं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. फक्त पैसे गेले.

आता गंज. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं तर खाली गोठ्याची जमीन दिसली! मी म्हटलं, एखादा पत्रा टाकू वरून. मिस्त्रींनी खिशातून काडेपेटी काढली. आतला खण काढून टाकला आणि नुसतं टरफल माझ्या हातात दिलं. "दाबा." ते लगेच तिरकं झालं. मग खण परत आत घातला. आता दाबूनही हलेना. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. तळ कुजला तर नुसतं भोक पडत नाही, सगळी पेटी लेचीपेची होते. म्हणून कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढला आणि नवा पत्रा वेल्डिंग करून बसवला. वरून लांबी भरून गंज झाकणारेही भेटतात. तशी गाडी दोन महिने सुंदर दिसते. काडेपेटीचा हा प्रयोग मी आता वर्गात दरवर्षी करणार आहे. (काड्या आधी काढून ठेवा!)

टायरही बघायला शिकलो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. आमच्यावर २३१४ होते, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. वरची नक्षी नव्यासारखी होती. पण दहा वर्षांचं रबर कडक होऊन तडकलं होतं. चारही बदलले, स्टेपनीसुद्धा. तुमच्या घरच्या गाडीचे आकडे आजच वाचून या.

आणि आता माझी चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवी. ब्रेकचं काम चाललं होतं. मागच्या ड्रममध्ये महापुराचा गाळ वाळून दगड झाला होता. मिस्त्रींनी चाकाजवळचे ब्रेक सिलिंडर, लायनर, सगळं नवं घातलं. ब्रेक ऑइलही बदललं. ते ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ब्रेक तापले की ते पाणी उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. एवढं सगळं समजावून ते म्हणाले, "पुढच्या चाकांचे रबरी होजही बदलू." तोवर माझ्या हिशेबाच्या वहीत ८१ हजार झाले होते. होज वरून ठीक दिसत होते. मी म्हटलं, "राहू द्या, पुढच्या पगाराला बघू." त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा नको म्हटलं.

चार दिवसांनी मी गाडी घेऊन पाणंदीनं निघालो. शेजारच्या सीटवर तात्या. वेग सायकलीएवढा. समोरून उसाची बैलगाडी आली. मी ब्रेक दाबला आणि पाय भसकन खाली गेला. पार तळाशी जाता जाता थोडा ब्रेक लागला, मी हातब्रेक ओढला, आणि गाडी बैलाच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबली. पुढचा एक होज फुटला होता. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन कप्पे असतात. एका कप्प्याची लाइन फुटली तरी दुसरा अर्धा ब्रेक शिल्लक राहावा म्हणून. त्या अर्ध्या ब्रेकवर आम्ही वाचलो. हेच हमरस्त्यावर झालं असतं तर?

तात्यांना काही दिसलं नव्हतं, पण सगळं कळलं होतं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "किती पैसं वाचवलंस?"

मी खरा आकडा सांगितला नाही. अजूनही सांगितलेला नाही.

गाडी ढकलत परत आणली. दोन्ही होज बदलले, मागचाही बदलला. मग मिस्त्रींनी पंधरा दिवस ती मला दिलीच नाही. स्वतः रोज चालवून बघितली. त्यानंतर रंग. कोणता रंग द्यायचा म्हणून घरात मतदान झालं. तात्या म्हणाले, "मला काय, सगळे सारखेच." पण दुसऱ्या दिवशी सकाळी हळूच विचारलं, "लालच देतोयस न्हवं?" लालच दिला.

मग परिवहन कार्यालयाच्या खेपा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. गाडी तपासायला न्यायची, फी, हरित कर, विमा, धुराचं प्रमाणपत्र, आणि आमचा तर इतक्या वर्षांच्या उशिराचा दंडही. तिथल्या साहेबांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्या लग्नात हीच गाडी होती."

जून २०२५ ला शाळा सुरू झाली आणि मी गाडीनं शाळेत गेलो. मुलांनी गराडा घातला. "गुरुजी, आम्हाला बसवा की!" नाही बसवलं. गाडीला एअरबॅग नाही. पुढच्या दोन सीटचे पट्टे मी नवे घातले आहेत, पण मागे पट्टेच नाहीत. मागच्या सीटवर फक्त वह्यांचे गठ्ठे बसतात. मुलं रुसली. रुसू देत. पण बॉनेट उघडून तिन्ही प्लग कुठे आहेत ते सगळ्यांना दाखवलं, आणि चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, तीनच का? चार का नाहीत?" तिच्यासाठी मला पुढचा अख्खा तास द्यावा लागला.

एकूण खर्च १ लाख १२ हजार झाला. एवढ्यात त्यातल्या त्यात नवी जुनी गाडी आली असती, असं सगळे सांगतात. आली असती.

रविवारी मी तात्यांना पट्टा लावून पुढे बसवतो आणि नदीपर्यंत एक फेरी मारतो. परवाच्या रविवारी गाडी अगदी गोड चालली होती. काच खाली, वारा येत होता. मी वाट बघत होतो, तात्या आता काहीतरी छान बोलणार. तात्यांनी मान तिरकी करून थोडा वेळ कान दिला आणि म्हणाले, "टॅपेट वाजत्यात. उद्या दाखवून घे."