मामूंच्या गाडीचं काळं नाक

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. मोटारीशी माझा संबंध एस.टी.च्या खिडकीपुरता. तरीही 2023 साली बर्मिंगहॅमला मामेभावाकडे गेलो, तेव्हा एका मोटारीवरून चाललेल्या भांडणात मला पंच व्हावं लागलं.

आमचे मामू साठच्या दशकात खेड तालुक्यातून विलायतेला गेले. आयुष्यभर ओतकामाच्या कारखान्यात खपले. चैन म्हणून त्यांनी एकच गोष्ट केली. 1986 साली एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. दोन माणसांची, वर कापडी टप असलेली, 1977 सालची एमजीबी. रविवारी ऊन असलं की मामींना शेजारी बसवून ते फिरायला निघत. 2019 मध्ये मामू गेले आणि गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली झाकली गेली.

आता मामेभावाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. पण एका अटीवर: तिचं काळं रबरी नाक काढून तिथे चकचकीत क्रोमचा बंपर बसवायचा. त्याची थोरली बहीण ऐकेना. म्हणाली, "ही अब्बांची गाडी आहे. जशी होती तशीच राहील." भाऊ माझ्याकडे वळला, "भाई, तुम्ही कवी आहात. सुंदर काय ते तुम्हाला कळतं. तुम्हीच सांगा." बहीण म्हणाली, "कवी आहेत म्हणूनच ते माझ्या बाजूचे."

मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत भावाकडची जुनी पुस्तकं चाळली आणि एका म्हाताऱ्या मेकॅनिकशी गप्पा मारल्या. तेव्हा या नाकामागे केवढा इतिहास आहे ते कळलं.

एमजी हे नाव आज आपल्याकडेही रस्त्यावर दिसतं. ते आता चिनी मालकीचं आहे. मूळची ही ऑक्सफर्डची 'मॉरिस गॅरेजेस'. तिची एमजीबी 1962 साली आली. डॉन हेटर यांनी तिचा बांधा आखला. 1798 सीसीचं इंजिन, बुटकी बैठक, पुढे जाळी आणि तिच्याखाली क्रोमची सडपातळ पट्टी. सामान्य पगारदाराला परवडेल अशी ही स्पोर्ट्स कार होती. 1980 पर्यंत अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या.

गोम इथेच आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेने नियम केला की ताशी पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या धक्क्याने गाडीचे दिवे वगैरे महत्त्वाचे भाग निकामी होता कामा नयेत. पुढे बंपर जमिनीपासून किती उंच हवा हेही ठरवून दिलं. मोठं गिऱ्हाईक अमेरिकेचं, तेव्हा त्याचं ऐकणं भाग होतं. 1974 च्या उत्तरार्धात क्रोम गेलं आणि पोलादी सांगाड्यावर पॉलियुरेथेनचं जाड आवरण चढवलेले काळे बंपर आले. लोक त्यांना सरसकट रबरी म्हणतात. उंची जुळवण्यासाठी अख्खी गाडीच सुमारे दीड इंच वर उचलली. दोन तऱ्हेच्या गाड्या करणं परवडेना, म्हणून विलायतेच्या गिऱ्हाइकालाही तेच नाक मिळालं.

जुन्या भक्तांना हा घाव वाटला. गाडीची ठेवण बिघडली, शिवाय उंची वाढल्यामुळे ती वळणावर कलू लागली. पुढे 1976 च्या सुमारास कंपनीने पुढेमागे आडवे दांडे देऊन ते बरंचसं सावरलं, पण बदनामी चिकटली ती चिकटलीच. म्हणून आजही कितीतरी मालक 1975 ते 1980 च्या गाड्यांना आधीच्या गाड्यांचं रूप देतात. तयार संच मिळतात. असं फक्त एमजीचंच झालं असं नाही. जर्मनीच्या पोर्शे 911 ला 1974 पासून जाडे बंपर आले आणि तिचेही शौकीन नंतरच्या गाडीला आधीचा चेहरा देतात.

आता भावाचं म्हणणं ऐका. तो म्हणाला, "मी काही वेडंवाकडं करत नाही. ज्या माणसाने गाडी आखली त्याच्या मनात क्रोमच होतं. रबर लादलं ते अमेरिकेच्या कायद्याने. मी गाडीला तिचं मूळ रूप परत देतोय."

पटण्यासारखंच आहे, नाही? पण बहिणीचं उत्तरही ऐका. "गाडी 1977 ची. ती कारखान्यातून काळं नाक घेऊनच आली. क्रोम लावलंस तर ती 1970 ची असल्याचं सोंग होईल."

दोघंही 'मूळ' हाच शब्द वापरत होते. एकाचं मूळ आखणाऱ्याच्या कागदावर, दुसरीचं कारखान्याच्या दारात. आणि माझ्या लक्षात आलं की तिसरंही एक मूळ गॅरेजमध्येच आहे. त्या गाडीच्या सीटा आरामखुर्चीच्या कापडासारख्या पट्ट्यापट्ट्यांच्या. त्या काळी कंपनीच असं कापड देत असे. उजव्या सीटची शिवण एकदा उसवली तेव्हा मामींनी ती हाताने घातली, तीही निळ्या दोऱ्याने, कारण घरात तेवढाच होता. तो दोरा ना कागदावर होता, ना कारखान्यात. भावाला सीटांवरही चामडं चढवायचं होतं.

मला माझीच एक चूक आठवली. पहिल्या संग्रहातल्या एका कवितेत मी 'वजू' हा शब्द लिहिला होता. एका परिचिताने सुचवलं, वाचक अडखळेल. दुसऱ्या आवृत्तीत मी 'हातपाय धुणं' केलं. म्हणजे दुसऱ्याच्या नियमासाठी मीही एक बंपर बसवलाच की! पुढे मन खात राहिलं, तिसऱ्या आवृत्तीत जुना शब्द परत आणला. तर एक वृद्ध वाचक भेटले आणि म्हणाले, "मला दुसऱ्या आवृत्तीतली पाठ आहे हो. तीच माझी." मी काय बोलणार? लादलेला बदलही कुणाच्या तरी आयुष्यात रुजलेला असतो. मामूंनी तेहतीस वर्षं गाडी पुसली ती काळ्या नाकाचीच.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांची मिळून 'फिवा' नावाची संस्था आहे. तिने गेल्या दशकाच्या सुरुवातीला ट्यूरिन सनद तयार केली. जुन्या इमारतींसाठी 1964 मध्ये व्हेनिसची सनद झाली होती, तिच्याच धर्तीवर. तिचा मथितार्थ असा: गाडी ही इतिहासाची साक्ष आहे. वापराच्या खुणाही जपाव्यात, बदल करावाच लागला तर तो परत फिरवता येईल असा करावा, त्याची नोंद ठेवावी आणि काढलेले भाग गाडीसोबत सांभाळावेत. आपल्याकडे 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम केला. त्यातही वाहन मूळ स्वरूपात जपलेलं असावं, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे.

पण मूळ म्हणजे हात न लावणं, असंही नव्हे. लोखंड गंजतं. एमजीबीच्या दारांखाली ज्या पोकळ पेट्या असतात, त्यांच्यावर गाडीचा भार असतो. त्या आतून कुजल्या तर कापून नव्या जोडाव्याच लागतात. 1988 पासून तर कारखान्याच्या जुन्याच साच्यांवर एमजीबीच्या अख्ख्या नव्या बॉड्या निघू लागल्या. म्हणजे साचा जुना, पत्रा नवा. आता तिला मूळ म्हणायचं की नक्कल? प्रामाणिकपणे 'नवी बॉडी आहे' असं सांगितलं, तर माझ्या मते वाद उरत नाही. खोटं सुरू होतं ते लपवण्यापासून.

दुसऱ्या दिवशी त्या मेकॅनिकने गाडी वर उचलून मला सगळं दाखवलं. दारांखालच्या पेट्या खरोखरच कुजल्या होत्या. ती दुरुस्ती व्हायलाच हवी होती. पुढचे मडगार्डचे पत्रे बोल्टांनी बसवलेले असतात. ते काढता येतात, परत लावता येतात. पण मागचे पत्रे बॉडीला वेल्ड केलेले. क्रोमचा बंपर बसवायचा तर मागे, दिव्यांखालचा पत्रा कापून वेगळे तुकडे जोडावे लागतात. आणि मामूंच्या गाडीचा तो पत्रा ठणठणीत होता. मेकॅनिकने त्यावर टकटक केलं. आवाज खणखणीत आला.

संध्याकाळी मी निवाडा दिला. म्हटलं, तीन गोष्टी बघू. कुजलंय ते बदला, त्याला फेरफार म्हणत नाहीत. बोल्टने होईल आणि बोल्टने परत फिरेल, ते हौसेने करा, काढलेला भाग मात्र चिठ्ठी लावून ठेवा. पण केवळ रूपासाठी निरोगी पत्रा कापू नका. तेवढं एक परत फिरत नाही.

त्यामुळे काळं नाक राहिलं. उंची मात्र उतरवली. पुढे आखूड स्प्रिंगा आणि मागे पाटे व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ठोकळे बसवले. बहिणीने त्याला हरकत घेतली नाही, कारण वळणावर गाडी कलते म्हणून मामू स्वतःच कुरकुरत असत. जुन्या स्प्रिंगा माळ्यावर आहेत, त्यांवर तारीख आहे. चामड्याचं मात्र माझ्या नियमात बसत होतं, सीटांची खोळ काढता-घालता येते. मी तसं सांगितलंही. भावाने निळ्या दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "राहू दे."

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात त्याने फोटो पाठवला. मामींच्या जागेवर बहीण बसली होती, डोक्यावरचा रुमाल वाऱ्याने उडालेला. खाली त्याने लिहिलं होतं, "भाई, पुढून अजून कुरूपच दिसते. पण चालते झकास."