दहातलं एक

‘त्या दुकानात माझा देश एका फळीवर बसवलाय,’ असं माझी अमेरिकन मैत्रीण म्हणाली. तिला ते लागलं होतं. ती ओहायोची, लंडनमध्ये स्थायिक झालेली. तिच्याबरोबर मॅरिलबोन हाय स्ट्रीटवरच्या डॉन्ट बुक्समध्ये गेले ती त्या एका वाक्यामुळे.

दुकान एडवर्डियन काळातलं. लांबट दालन, ओकच्या लाकडाचे सज्जे, वरून काचेतून येणारा उजेड. इथे बहुतेक पुस्तकं लावलीत ती देशांनुसार. इटलीपाशी गेलं की प्रवासाची गाइडं, इतिहास, कादंबऱ्या, सगळं शेजारी शेजारी. मैत्रीण ज्या दुकानांत वाढली तिथे अमेरिकन कादंबरी म्हणजे नुसती कादंबरी. देशाची पाटी लागायची ती इतरांना. भारतीय लेखक कायम ‘भारत’ या कप्प्यात शोधत आलेल्या मला अमेरिकेलाही तशीच पाटी मिळालेली पाहून बरं वाटलं.

पण मी रेंगाळले ती पुस्तकं लावणाऱ्या एका तरुण विक्रेत्यामुळे. खोके फोडणं, यादीशी ताडून पाहणं त्याने झटपट उरकलं. ‘दहातली नऊ हातासरशी लागतात,’ तो म्हणाला, ‘एक अडतं.’ अडलेलं पुस्तक तो उघडतो, मलपृष्ठ वाचतो, मधलीच चार पानं चाळतो. रोहिंटन मिस्त्री कॅनडात राहतात, तरी ‘सच अ लाँग जर्नी’ त्याने न थबकता भारतात ठेवलं. त्यातली मुंबई सोडून ते जाणार कुठे?

मग हातात आलं हेन्री जेम्सचं ‘डेझी मिलर’. हे दहातलं एक. लेखक 1843 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला, पुढे इंग्लंडमध्येच राहिला आणि 1915 साली, मृत्यूच्या काही महिने आधी, ब्रिटिश नागरिक झाला. नायिका अमेरिकन, गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमध्ये आणि कळस गाठते रोममध्ये. ‘अमेरिका!’ मैत्रीण ठामपणे म्हणाली. त्याने तिचं नीट ऐकून घेतलं, पुन्हा पानं उलटली आणि पुस्तक इटलीत ठेवलं. ‘रोमला निघालेल्या माणसाच्या हाताला हे लागलं पाहिजे.’ आडनावाच्या क्रमाने पुस्तकं कोणीही लावेल. पुढच्या वाचकाचा असा विचार करायला आधी स्वतः वाचलेलं असावं लागतं. या कामाला मी विद्वत्ताच म्हणेन.

   

हे दुकान 1990 साली जेम्स डॉन्ट यांनी बँकेतली नोकरी सोडून काढलं. 2011पासून ते वॉटरस्टोन्स ही मोठी साखळी चालवू लागले आणि 2019 साली अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबलचे प्रमुख झाले. दोन्हीकडे त्यांनी कुठलं पुस्तक कुठे मांडायचं हे त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोपवलं. मैत्रिणीला हे ठाऊक नव्हतं. ओहायोला गेल्यावर तिथल्या बार्न्स अँड नोबलमध्ये ‘डेझी मिलर’ कुठे ठेवलंय ते बघून सांगेन, असं तिने त्या मुलाला कबूल केलं.

‘जे अक्षराखाली असेल,’ तो म्हणाला आणि पुढचा खोका ओढला, ‘पण बघा मात्र नक्की.’