मुख्याध्यापक व सहशिक्षकांचा उत्साह

शिक्षकांस कामाची गोडी लागते ती मुख्याध्यापकाच्या वर्तनाने. शेरेबुकाने हे कार्य होत नाही. निजामी अमलात स्वामी रामानंद तीर्थ प्रथम हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे व १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. भरघोस पगार वा बढती देणे त्यांच्या हाती नव्हते; तथापि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांस लाभले, कारण हा संन्यासी स्वतः सर्वांआधी झिजत असे. किनवट तालुक्यात गोंड व कोलाम मुलांसाठी चालणाऱ्या आश्रमशाळांसही हाच धडा लागू आहे. मुख्याध्यापकाने शाळेच्याच गावी राहावे, अवघड वर्ग स्वतःकडे घ्यावा, सहकाऱ्याची अडचण आधी ऐकावी व मग जाब विचारावा. त्यागाचे नाव सांगून कोणाचे वेतन थकविणे मात्र सर्वथा अन्यायाचे होय. किनवटकर व्यापारी व पालकांनी नव्या इमारतीआधी असा मुख्याध्यापक मागावा!