एका गुणाची किंमत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शंभरपैकी ८४ गुण. दहावीच्या निकालात एखाद्या घरी एवढे गुण आले, की पेढ्यांचा पुडा आणला जातो. पण कॅलिफोर्नियातील एका व्हिडिओ गेम कंपनीला हेच ८४ गुण महागात पडले. करारात अट होती ८५ गुणांची. एक गुण कमी पडला आणि बोनस हातचा गेला. ही परीक्षा कसली, हे गुण देतो कोण आणि त्यांच्यावर माणसांची कमाई का अवलंबून राहते, हे आज आपण समजून घेऊ.

आधी या धंद्याची रीत पाहू. चित्रपटात निर्माता पैसा घालतो आणि दिग्दर्शक आपल्या चमूसह चित्रपट घडवतो. मोठ्या व्हिडिओ गेमच्या बाबतीतही बरेचदा असेच असते. पैसा घालणाऱ्या, जाहिरात करणाऱ्या आणि माल दुकानात पोचवणाऱ्या कंपनीला ‘प्रकाशक’ म्हणतात. प्रत्यक्ष खेळ तयार करतो तो ‘स्टुडिओ’. तिथे खेळाची रचना करणारे डिझायनर, प्रोग्रॅमर, चित्रकार, लेखक, ध्वनीचे जाणकार आणि चुका शोधणारे परीक्षक असे कितीतरी लोक खपत असतात. प्रकाशक कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे देतो. खेळ चांगला झाला, तर वर बोनस.

आता ‘चांगला’ म्हणजे काय, हे ठरवायचे कसे? इथे मेटाक्रिटिक नावाचे संकेतस्थळ येते. ते २००१ साली अमेरिकेत सुरू झाले. एखाद्या खेळाची ठिकठिकाणी छापून आलेली परीक्षणे ते गोळा करते. कुणी दहापैकी गुण दिलेले असतात, कुणी पाचपैकी तारे, तर कुणी अ, ब, क अशी श्रेणी. या सगळ्यांचे शंभरात रूपांतर करून त्यांची सरासरी काढली जाते. ही सरासरी साधी नसते. काही नियतकालिकांच्या मताला जास्त वजन असते आणि कुणाला किती वजन, हे जाहीर केले जात नाही. शेवटी एक आकडा उरतो. तो ७५ किंवा त्याहून जास्त असला तर हिरवा, ५० ते ७४ असला तर पिवळा आणि त्याखाली लाल.

ग्राहकासाठी ही सोय चांगलीच आहे. महागडा खेळ घेण्याआधी एका नजरेत अंदाज येतो. पण ग्राहकाच्या सोयीचा हा आकडा हळूहळू व्यापारी करारांत शिरला. वॉर्नर ब्रदर्स कंपनीने तर २००४ मध्येच जाहीर केले होते, की आपल्या चित्रपटांवर बेतलेल्या खेळांना सरासरी ७० पेक्षा कमी गुण मिळाले, तर तो खेळ काढणाऱ्या प्रकाशकाकडून जास्त रॉयल्टी घेतली जाईल. प्रकाशकांची बाजूही समजून घ्यायला हवी. विक्री किती होईल, हे जाहिरातीवर, मुहूर्तावर आणि नशिबावरही ठरते. कामाच्या दर्जाचे तटस्थ माप मिळाले, तर कुणाला नको आहे?

आता त्या ८४ गुणांकडे वळू. खेळाचे नाव ‘फॉलआउट : न्यू वेगास’. तो ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या स्टुडिओने सुमारे दीड वर्षात तयार केला आणि बेथेस्डा या प्रकाशकाने ऑक्टोबर २०१० मध्ये बाजारात आणला. अणुयुद्धानंतरचे मोहावी वाळवंट, तिथे सत्तेसाठी झगडणारे गट आणि मरता मरता वाचलेला एक टपालवाहक, अशी त्याची मांडणी. खेळणाऱ्याने कोणाची बाजू घ्यायची, कोणाला वाचवायचे, कोणाला फसवायचे, हे सगळे त्याच्यावर सोपवलेले. मार्च २०१२ मध्ये स्टुडिओचे एक संस्थापक ख्रिस अव्हेलोन यांनी उघड केले, की या कामाचे ठरावीक पैसे मिळाले. विक्रीत वाटा नव्हता आणि मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले असते, तरच बोनस होता. त्याच महिन्यात दुसरे एक काम रद्द झाल्यामुळे स्टुडिओला काही माणसे कमी करावी लागली होती. अशा वेळी हुकलेला बोनस काय असतो, हे पगारावर घर चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

गुण गेले कुठे? परीक्षकांनी कथेची आणि स्वातंत्र्याची तारीफ केली होती. तक्रार होती ती तांत्रिक चुकांची. खेळ मध्येच थांबे, पात्रे अडकून बसत. आता गंमत अशी, की ही तारीफ आणि ही तक्रार एकाच मुळातून येतात. सरळ रेषेत चालणारा खेळ आगगाडीसारखा असतो. रूळ तपासले की काम झाले. पण खेळणाऱ्याला मोकळे सोडले, की प्रत्येक निर्णयाला फाटे फुटतात. फक्त दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले, तरी १,०२४ वेगवेगळ्या वाटा तयार होतात. त्या सगळ्या मुदतीत तपासणे कुणालाच शक्य नसते. म्हणजे ज्या गुणासाठी लोकांना खेळ आवडला, त्याच गुणाने त्याचे गुण कापले.

पुढे दुरुस्त्या आल्या आणि बऱ्याच चुका गेल्या. आकडा मात्र तोच राहिला, कारण मेटाक्रिटिक परीक्षकाने पहिल्यांदा दिलेले गुणच धरते. शिवाय एका गुणाचे अंतर असते तरी केवढे? हिशेबापुरते समजा, पन्नास परीक्षणे आहेत आणि सगळ्यांचे वजन सारखे. त्यांपैकी पाच जणांनी दहापैकी आठऐवजी नऊ गुण दिले असते, तर सरासरी एका गुणाने वाढली असती. पाच जणांच्या आवडीनिवडीचा हा फरक. त्यावर साऱ्या स्टुडिओचा बोनस टांगलेला.

बरे, गुण जास्त मिळाले म्हणजे सारे ठीक, असेही नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये आला. प्रकाशनापूर्वी परीक्षकांना फक्त कॉम्प्युटरवरची आवृत्ती दिली गेली होती. आकडा नव्वदीच्या घरात गेला. लोकांनी जुन्या प्लेस्टेशनवर खेळ लावला, तेव्हा तो धड चालेना. सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. जून २०२१ मध्ये तो परत आला. याही कंपनीत कर्मचाऱ्यांचा बोनस गुणांशी जोडलेला होता. या गोंधळानंतर मात्र व्यवस्थापनाने ती अट काढून टाकली.

चांगल्या परीक्षणांनी नोकरी वाचते, असेही समजू नका. जपानमधील टँगो गेमवर्क्सचा ‘हाय-फाय रश’ हा २०२३ साली आलेला खेळ परीक्षक आणि खेळाडू, दोघांनीही डोक्यावर घेतला. तरी मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तो सांभाळायचे ठरवले, म्हणून तो टिकला.

मग हा आकडा टाकाऊ आहे का? तसे नाही. तापमापक ताप आहे एवढे सांगतो. कशामुळे आहे, ते सांगत नाही. म्हणून तापमापक कुणी फेकून देत नाही आणि त्याच्यावर विसंबून शस्त्रक्रियाही करत नाही. सरासरी म्हणजे अनेकांच्या पहिल्या मताचा गोळाबेरीज अंदाज. ग्राहकाला तेवढे पुरते. पण गेली दीड-दोन वर्षे राबलेल्या माणसाची मजुरी ठरवायला ते माप अपुरे आहे. मजुरी ठरवायची तर वेळेत झालेले काम, विक्रीतला वाटा, दुरुस्त्यांनंतरचा दर्जा अशा त्याच्या हातातल्या आणि तपासून पाहता येण्याजोग्या गोष्टी हव्यात.

आपल्यापैकी कुणी मुलासाठी किंवा स्वतःसाठी खेळ घेणार असेल, तर एवढे करावे. आकडा पाहून थांबू नये. एक तारीफ करणारे आणि एक नावे ठेवणारे अशी दोन परीक्षणे वाचावीत. आपल्या घरी जे यंत्र आहे, त्याच यंत्रावर परीक्षकाने खेळ खेळला होता का, ते पाहावे. परीक्षणाची तारीखही पाहावी, कारण सहा महिन्यांनी खेळ सुधारलेला असू शकतो. खेळ कोणत्या वयासाठी आहे, हे गुणांवरून कळत नाही. ते वेष्टनावर पाहावे लागते.

ऑब्सिडियनचे पुढे काय झाले, हे राहिलेच. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी प्रकाशकाऐवजी थेट खेळणाऱ्यांकडेच वर्गणी मागितली. जवळजवळ चाळीस लाख डॉलर जमले आणि २०१५ मध्ये ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ हा खेळ आला. वर्गणी देणाऱ्यांत ‘न्यू वेगास’ खेळलेले आणि तो आवडलेले पुष्कळ जण होते. ८४ आणि ८५ यांतला फरक त्यांनी विचारात घेतला नव्हता.