नस्तालीक : फारसी लेखणीची मोजदाद

इस्लामी कलापरंपरेत सुलेखनाला चित्रकलेपेक्षाही वरचा मान मिळाला, आणि त्या सुलेखनात इराणने घातलेली सर्वांत मोलाची भर म्हणजे चौदाव्या शतकात आकाराला आलेली नस्तालीक ही शैली होय. ग्रंथलेखनातील सुवाच्य, गोलसर 'नस्ख' आणि दरबारी पत्रव्यवहारातील उतरत्या झुकावाची 'तालीक' यांच्या मिलाफातून मीर अली तबरीझी याने ती निर्माण केली असे परंपरा सांगते. तथापि एवढे परिपक्व वळण अनेक लेखनिकांच्या हातांखालून क्रमाने घडले असावे, हेच अधिक पटते.

या शैलीत शब्द उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरतो, उभ्या रेषा आखूड राहतात आणि आडव्या रेषा भरदार होत दूरवर पसरतात. हे सारे स्वैर वाटले तरी त्यामागे काटेकोर मोजमाप असते. तिरप्या कापलेल्या बोरूच्या टोकाने उमटणारा चौकोनी ठिपका, म्हणजे 'नुक्ता', हे त्याचे एकक असून 'अलिफ' या अक्षराची उंची साधारण तीन नुक्त्यांची धरतात. बोरू जसा जाड वा बारीक, तसा नुक्ता बदलतो आणि त्याबरोबर सगळे अक्षर त्याच प्रमाणात वाढते किंवा घटते. कागदाला खळ देऊन तो अकीकाने घोटतात, म्हणजे लेखणी अडखळत नाही. शाई काजळी आणि डिंक यांची असते, आणि बोरूने ती बेताने उचलावी म्हणून दौतीत रेशमी धाग्यांचा पुंजका ठेवतात.

हेरातच्या सुलतान अली मशहदी याने या कलेचे नियम पद्यात ग्रथित केले, तर इस्फहानच्या मीर इमादने तिला सर्वोच्च सौष्ठव दिले. १६१५ साली मीर इमादचा खून झाला. पुढे त्याचा भाचा अब्दुल रशीद दैलमी हिंदुस्थानात शाहजहानच्या आश्रयाला आला आणि दारा शुकोहचा सुलेखनगुरू झाला. दख्खनमध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने इराणहून आलेल्या खलीलुल्ला या सुलेखनकाराला 'पादशाह-ए-कलम' हा किताब दिला.

शेजारच्या अक्षरानुसार प्रत्येक अक्षराचे रूप आणि उंची बदलत असल्यामुळे खिळ्यांच्या छपाईला ही शैली नीट साधली नाही. म्हणूनच उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकातही 'कातिब', म्हणजे हस्तलेखनिक, लिहून देत आणि शिळाछापावर छापली जात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरसमूह हाताने रेखून सिद्ध केलेली 'नूरी नस्तालीक' ही संगणकीय जुळणी १९८१ साली वापरात आली, तीही सुलेखनकाराच्या हाताशिवाय शक्य झाली नाही.