चॅम्पियनने वरच्या वजनी गटात जावं का?



आज विषय थोडा वेगळा आहे. बॉक्सिंगचा आहे, पण शेवटी आपल्या मुलांच्या ताटापर्यंत येणार आहे. म्हणून पूर्ण वाचा ही विनंती.

माझा एक जुना विद्यार्थी आता आठवीत आहे. गावच्या तालमीत जातो. एका वर्षी तालुक्याच्या शालेय कुस्ती स्पर्धेत तो त्याच्या वजनी गटात पहिला आला. आम्ही शाळेत त्याचा सत्कार केला, आणि सत्काराच्या वेळी मीच त्याला म्हणालो, "वजन सांभाळ हं, पुढच्या वर्षी पण याच गटात नंबर आला पाहिजे." वर्षभरात पोरगं वाढलं. वाढणारच ना! स्पर्धेआधी काट्यावर दीड किलो जास्त भरलं. मग दोन दिवस रात्रीचं जेवण बंद, पाणी घोट घोट. वजनात बसला, पण पहिल्याच कुस्तीत त्याला चक्कर आली.

त्याचे वडील मला भेटले. म्हणाले, "सर, वरच्या गटात घातला असता तर हरला असता. खालच्या गटात ठेवला तर असं झालं. मग करायचं काय?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. हाच प्रश्न मोठमोठ्या बॉक्सरांनाही पडतो. आपल्या देशातल्या तीन विश्वविजेत्या मुलींची उदाहरणं घेऊन आज त्याचं उत्तर शोधूया.

१) वजनी गट कशासाठी असतात?

ठोशाची ताकद दोन गोष्टींवर अवलंबून असते. हात किती वेगाने येतो आणि त्यामागे किती वजन आहे. दोघींचं कौशल्य सारखं असेल तर जड खेळाडूचा ठोसा जास्त लागतो, आणि समोरून आलेला ठोसा तिला कमी हलवतो. म्हणून बरोबरीच्या वजनाच्या खेळाडूंना एकमेकांसमोर उभं करतात.

आता चॅम्पियन खेळाडू वरच्या गटात गेला तर त्याच्यासोबत काय काय जातं? पायांची चपळाई, अंदाज, अनुभव, डोळ्यांची नजर हे सगळं जातं. पण ताकदीचा फायदा मागेच राहतो. खालच्या गटात ज्या ठोशाने समोरची मागे सरकायची, त्याच ठोशाने इथे ती जागची हलत नाही. आणि उंची, हाताची लांबी काही वजनासोबत वाढत नाही.

थोडक्यात, किताब खालच्या गटातच राहतो. वरच्या गटात चॅम्पियनसुद्धा नव्याने विद्यार्थी होऊन जातो.

२) मेरी कोम : ४८ वरून ५१

लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग घ्यायचं हे २००९ मध्ये ठरलं. पण गट फक्त तीनच ठेवले : ५१, ६० आणि ७५ किलो. मेरी कोमने आपली विश्वविजेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलोच्या गटांत जिंकली होती. म्हणजे ऑलिंपिक खेळायचं तर वर जाणं भागच होतं. "जावं का?" हा प्रश्नच तिच्यापुढे नव्हता. "कसं जावं?" एवढाच होता.

२०१० मध्ये सप्टेंबरात ती ४८ किलोत पाचव्यांदा विश्वविजेती झाली आणि नोव्हेंबरात आशियाई खेळांत ५१ किलोत उतरली. तिथे कांस्यपदक मिळालं. खालच्या गटात जगात पहिली, वरच्या गटात दोन महिन्यांत आशियात तिसरी! पण तिने धीर सोडला नाही. २०१२ मध्ये ती ५१ किलोत आशियाई विजेती झाली आणि मग लंडनला गेली.

लंडनमधली तिची पहिली लढत पोलंडच्या कॅरोलिना मिखालचुकशी होती. ही मिखालचुक पूर्वी ५४ किलोत विश्वविजेती होती. आलं का लक्षात? ५१ च्या गटात मेरी खालून वर आली होती आणि समोरची वरून खाली आली होती. कागदावर वजन सारखं, पण शरीराचा सांगाडा वेगळा. ती लढत मेरीने १९-१४ अशी जिंकली, ती वेगाच्या आणि अनुभवाच्या जोरावर. पुढची लढतही जिंकली. उपांत्य फेरीत मात्र इंग्लंडच्या निकोला अॅडम्सकडून ती ११-६ अशी हरली. अॅडम्स तिच्यापेक्षा उंच होती, लांबून ठोसे मारत राहिली. पुढे सुवर्णही तिलाच मिळालं.

मेरीला कांस्य मिळालं. मग जाणं चुकलं का? मुळीच नाही. २०१४ च्या आशियाई खेळांत ५१ किलोतच तिने सुवर्ण घेतलं. पण पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये दिल्लीत ती परत ४८ किलोत उतरली आणि पस्तिशीत सहाव्यांदा विश्वविजेती झाली. यावरून मला वाटतं, तिच्या शरीराचं घर ४८ किलोचंच होतं. ५१ मध्ये ती पाहुणी म्हणून गेली, आणि तिथेही मान मिळवून आली.

३) लवलीना : ६९ वरून ७५

आसामच्या लवलीना बोर्गोहेनने टोकियो ऑलिंपिकमध्ये ६९ किलोत कांस्यपदक मिळवलं. पॅरिससाठी मात्र ६९ चा गटच काढून टाकला. तिच्यापुढे दोन दारं होती. तीन किलो कमी करून ६६ मध्ये जायचं, किंवा ७५ चा गट धरायचा. वरवर पाहिलं तर तीन किलो उतरवणं सोपं वाटतं. पण ती पावणेसहा फुटांच्या आसपास उंच आहे. एवढ्या उंच शरीरातून आणखी वजन काढायचं म्हणजे ताकदच काढायची. तिने वरचं दार निवडलं.

२०२३ मध्ये ती ७५ किलोत विश्वविजेती झाली. त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तिने चीनच्या ली चियानला हरवलं होतं. ही ली चियान रिओपासून ७५ किलोतच खेळत आलेली. पुढे त्याच ली चियानने लवलीनाला आशियाई खेळांच्या अंतिम फेरीत हरवलं आणि पॅरिसमध्ये उपांत्यपूर्व फेरीतही हरवलं. पॅरिसचं सुवर्ण तिनेच जिंकलं.

म्हणजे वरच्या गटात जाऊन जिंकता येतं, पण तिथे वर्षानुवर्षं मुरलेली माणसं असतात. त्यांना एकदा हरवलं म्हणजे गट आपला झाला असं होत नाही.

४) निखत झरीन : ५२ वरून ५०

निखतचं उदाहरण उलटं आहे. २०२२ मध्ये ती ५२ किलोत विश्वविजेती झाली. पॅरिसला ५० होता, ५४ होता, पण ५२ नव्हता. ती खाली गेली. राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०२३ चं विश्वविजेतेपद ५० किलोत मिळवलं. मात्र पॅरिसमध्ये चीनच्या वू यूने तिला सुरुवातीच्या फेरीतच हरवलं. वू यूसुद्धा ५२ किलोतली विश्वविजेती होती आणि तीही खालीच उतरली होती. म्हणून निखत केवळ वजनामुळे हरली असं म्हणणं बरोबर होणार नाही.

पण खाली उतरण्याची किंमत असते एवढं खरं. ऑलिंपिकसारख्या स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ते आदल्या दिवशी होतं, म्हणून खायला-प्यायला वेळ तरी मिळतो. इथे तो फार कमी. पॅरिसमध्येच कुस्तीत विनेश फोगाटचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. टोकियोत ५३ किलोत खेळलेली विनेश इथे ५० किलोत होती. अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. रात्रभर वजन उतरवल्यामुळे शरीरातलं पाणी कमी होऊन तिला उपचार घ्यावे लागले.

५) मग जावं की नाही?

मला समजलेलं उत्तर असं आहे. खालच्या गटात सगळ्यांना हरवून झालं, एवढ्या कारणासाठी वर जाऊ नये. आणि खालचा किताब हातातून जाईल, या भीतीने खाली अडकूनही राहू नये. स्वतःला चार प्रश्न विचारावेत :

- सराव चालू असताना, पोटभर जेवून माझं वजन किती असतं?
- माझी उंची आणि हातांची लांबी वरच्या गटाला पुरेशी आहे का?
- माझा खेळ वेगावर आहे की ताकदीवर? वेग सोबत येतो, ताकद नव्याने कमवावी लागते.
- माझ्याकडे वेळ किती आहे? मेरीला आणि लवलीनाला जवळपास तीन-तीन वर्षं मिळाली होती.

ही उत्तरं बाजूने असतील तर जरूर जावं. पण सुरुवातीला हरण्याची तयारी ठेवून जावं.

६) आणि आपली मुलं?

इथे मात्र मला काहीच शंका नाही. वरचे सगळे प्रश्न मोठ्या, वाढ पूर्ण झालेल्या खेळाडूंसाठी आहेत. त्यांच्यासोबत प्रशिक्षक असतात, डॉक्टर असतात. आठवीतल्या मुलाचं वजन वाढतं कारण तो मोठा होतोय. त्याची हाडं वाढतात, उंची वाढते. त्याला एका गटात अडकवून ठेवणं म्हणजे गेल्या वर्षीचा शर्ट बसावा म्हणून पोराची वाढ थांबवण्यासारखं आहे. शर्ट बदला हो, पोरगं नको!

स्पर्धेच्या दिवसांत मूल जेवण टाळतंय, पाणी पीत नाहीये, अंगात जाड कपडे घालून पळतंय असं दिसलं तर लगेच थांबवा. आणि आपण शिक्षकांनी "याच गटात राहा" असं चुकूनही म्हणू नये. मी म्हणालो होतो, आणि ते मला अजून खुपतं.

वर्गात घ्यायला छोटा उपक्रम

अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. मेरीने ४८ किलोवर ३ किलो वाढवले, म्हणजे सोळावा भाग. मग ३२ किलोच्या मुलासाठी सोळावा भाग किती? २ किलो. दोन किलो साखरेची पिशवी एका मुलाच्या हातात द्या आणि दोन मिनिटं हात पुढे करून उभं राहायला सांगा. तीन किलो म्हणजे काय, ते न सांगता कळतं. मोठ्या वर्गात विनेशचे १०० ग्रॅम म्हणजे ५० किलोचा कितवा भाग, हे काढायला सांगा. उत्तर येतं पाचशेवा.

आता त्या विद्यार्थ्याचं सांगतो. यंदा तो वरच्या गटात खेळला. पहिली कुस्ती जिंकला, दुसरी हरला. वडील बाहेर उभे होते. मी काय बोलू ते मला सुचत नव्हतं. तेवढ्यात तोच आला आणि म्हणाला, "सर, तो लई ताकदीचा होता. पुढच्या वर्षी बघतो." मग आम्ही तिघांनी शेजारच्या गाड्यावर मिसळ खाल्ली. त्याने तीन पाव जास्त घेतले, आणि कोणीही त्याला थांबवलं नाही.